वसईच्या किल्ल्यावरून भांडणाऱ्यांना, लिस्बनमधून

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी शांत असतो. वाढदिवस, पावसाळ्यात कुठल्या रस्त्यावर किती पाणी भरलं, कुणाच्या मुलाला कुठे ॲडमिशन मिळाली, एवढंच. 2025 च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्या दिवशी मात्र सकाळपासून त्यावर भगवे झेंडे फडकत होते. मीही दोन टाकले. रायगड, राजगड, साल्हेर, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, तिकडे तमिळनाडूतला जिंजी. मनापासून आनंद झाला होता. संध्याकाळी कुणीतरी विचारलं, मग आपला वसईचा किल्ला यादीत का नाही? शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसणारा आणि आता जागा-फ्लॅटची दलाली करणारा मित्र लगेच उत्तरला, ‘कसा असेल? आत फिरंग्यांची चर्च उभी आहेत. आधी तो मलबा साफ करा, चिमाजीअप्पांचं स्मारक तेवढं ठेवा, मग बघा.’

सत्तावीस अंगठे आले. मी मोजले. त्यातले चौघं दर नाताळात आमच्या घरी जेवून जायचे.

यादी कशी ठरते हा वेगळा विषय आहे, त्यात मी शिरत नाही. मला लागला तो ‘मलबा’ हा शब्द. मी लांबलचक उत्तर लिहिलं, तेव्हा एका मैत्रिणीने दोन ओळींत मला गप्प केलं: ‘तू तिकडे पोर्तुगालमध्ये बसून आम्हाला शिकवू नकोस. तुला ती चर्च आपली वाटणारच.’ तेव्हापासून हा वाद माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ग्रुपवर लिहिता लिहिता अंगठा दुखतो, म्हणून इथे सगळं एकदा सांगते.

मी वसईची. घरात आजी सामवेदी ही तिकडची बोली बोलायची, आम्ही शाळेत मराठी, रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना. आडनाव पोर्तुगीज. नऊ वर्षांपासून लिस्बनमध्ये आहे आणि बाइशातल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करते. येणाऱ्या पाहुण्याला काय बघायचं, कुठल्या क्रमाने बघायचं, हे सांगणं माझं काम. दिवसातून वीस वेळा तोच नकाशा उलगडते, तीच ठिकाणं पेनने गोल करते. म्हणून वारसा कसा सांभाळावा यावर मला काही बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं. नसेल तरी मी बोलणार आहे.

पहिला गोल मी साव जॉर्जच्या किल्ल्याभोवती काढते. हा किल्ला 1147 साली पोर्तुगालच्या पहिल्या राजाने, आफोंसु एन्रिकेसने, मूरांकडून, म्हणजे तेव्हाच्या इथल्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून जिंकला. म्हणजे चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली ते आपलं जे 1739, ते यांचं 1147. वेढा, महिनोन्‌महिने झुंज, शेवटी शरणागती, सगळं तसंच. आणि आज आठशेहून जास्त वर्षांनी त्याच टेकडीला मूरांचा किल्ला म्हणताना इथे कुणी अडखळत नाही. खालच्या वस्तीचं नाव आजही मोरारिया, मूरांची वस्ती. शेजारची आल्फामा, तेही नाव अरबीतूनच आलेलं. तिथल्या बोळांतून जूनमध्ये संत अंतोनच्या सणाला सार्डिनचा धूर निघतो, कागदी माळा लागतात, आणि हरलेल्यांनी आखलेल्या त्या वाकड्यातिकड्या गल्ल्यांत जिंकलेल्यांचे वंशज रात्रभर नाचतात. मी ग्रुपवर लिहिलं, बघा, हा असतो आत्मविश्वास. जिंकलेल्याला हरलेल्याची भिंत पाडावी लागत नाही.

दुसरं उदाहरण मी पुलाचं दिलं. तेजू नदीवरचा लांबलचक लाल झुलता पूल 1966 मध्ये उघडला, तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं. 1974 च्या एप्रिलात हुकूमशाही संपली, लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोवली, आणि पुलाचं नाव 25 एप्रिल झालं. पूल पाडला नाही. मी रोज संध्याकाळी फेरीतून त्याच्याकडे बघत घरी जाते.

मग मी गेंड्याची गोष्ट सांगितली, कारण ती मला फार प्रिय आहे. बेलेंचा बुरूज म्हणजे लिस्बनच्या प्रत्येक फ्रिज-मॅग्नेटवर असतो तो. 1514 च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं. त्याच्या एका लहान बुरजाच्या तळाशी दगडात कोरलेलं एक जनावर आहे. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने त्याचा चेहरा इतका झिजलाय की सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. तो गेंडा आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कच्या वकिलांना दिला, तिथून तो पोर्तुगालच्या राजाकडे निघाला आणि 1515 च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला. युरोपातल्या कुणी रोमन काळानंतर जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावायचा घाट घातला, तर हत्तीच पळाला. मग राजाने तो पोपला भेट पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून साखळदंडासकट गेंडा मेला. जर्मन चित्रकार ड्यूररने त्याला कधी डोळ्यांनी न बघता, नुसत्या वर्णनावरून आणि कुणाच्या तरी रेखाटनावरून त्याचं चित्र लाकडावर कोरलं. ते जगभर गेलं.

आता मुजफ्फरशहाचा मुलगा कोण? बहादूरशहा. मागून हुमायून येतोय म्हणून 1534 च्या डिसेंबरात ज्याने वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली तो. बापाने गेंडा दिला, लेकाने आमचं गाव दिलं. गेंड्याला निदान या बुरजावर जागा मिळाली. मी सुट्टीच्या दिवशी तिथे गेले की नदीच्या बाजूच्या सुंदर सज्ज्यांकडे बघत नाही, त्या झिजलेल्या तोंडाकडे बघत उभी राहते. परक्या दरबारात पोचलेलं आपल्याकडचं ते पहिलंच ओळखीचं जनावर आहे असं मला वाटतं.

ग्रुपवर हे सगळं लिहिल्यावर दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी मित्राने एकच ओळ टाकली: ‘तुमच्या लिस्बनमध्ये मशीद होती तिथे कॅथीड्रल बांधलंय. ते नाही सांगितलंस?’

नव्हतं सांगितलं. माहीत असून नव्हतं सांगितलं. ‘से’, म्हणजे इथलं जुनं कॅथीड्रल, तिथेच शहराची मोठी मशीद होती. त्याच्या समोरून 28 नंबरची ट्राम वळते आणि मी पाहुण्यांना सांगते, इथे उतरा, फोटो छान येतो. पाडापाडी झाली नाही, असं मी भासवलं होतं. झाली होती. 1496 मध्ये राजा मानुएलने ज्यूंना आणि मुसलमानांना धर्म बदला नाहीतर देश सोडा असं फर्मान काढलं, तेही मी गाळलं होतं. मोरारियाचं नाव उरलं, मूर उरले नाहीत. आणि साव जॉर्जचे ते करारी तट, ज्यांच्याखाली मोर फिरतात, त्यांचा बराचसा भाग 1938 ते 1940 च्या सुमारास सालाझारच्या काळात नव्याने उभारलेला आहे. राज्याच्या स्थापनेचा उत्सव करायचा होता, त्यासाठी किल्ला पुरेसा प्राचीन दिसायला हवा होता.

मी मित्राला एवढंच उत्तर देऊ शकले, की सेच्या मागच्या आवारात उत्खनन झालं, मशिदीच्या काळातल्या भिंती निघाल्या, आणि त्या हलवायच्या की जागेवर ठेवायच्या यावर 2020 मध्ये इथे मोठा वाद होऊन शेवटी जागेवरच ठेवायचं ठरलं. तो म्हणाला, ‘ठरायला पावणेनऊशे वर्षं लागली म्हणजे.’ त्याचं गणित बरोबर आहे. तरीही माझा मुद्दा तोच आहे, की ठरलं. आज जिवंत असलेल्या माणसांनी ठरवलं. 1147 मध्ये काय झालं त्यावर आपला इलाज नाही.

आणि खरं सांगू का, 1739 मध्ये जे झालं ते या ग्रुपवरच्या भाषेपेक्षा कितीतरी मोठ्या मनाचं होतं. याचा मला राग येतो. चिमाजीअप्पांचं नाव घेऊन ‘मलबा साफ करा’ म्हणतात, आणि चिमाजीअप्पांनी काय केलं ते वाचत नाहीत. मराठ्यांची फार माणसं त्या वेढ्यात पडली. सुरुंग लावताना पडली, खंदकात पडली. सूड घ्यायला कारणंही भरपूर होती: देवळं पाडली होती, धर्मसमीक्षण सभेचा, म्हणजे पाखंडी शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या इन्क्विझिशनचा, जाच होता, सक्ती होती. आमच्यासारख्या घरांत ती सक्ती कुठे होती आणि मर्जी कुठे होती हे आता कुणीच सोडवू शकणार नाही, पण ती होती हे नाकारायचा मला अधिकार नाही. एवढं सगळं असूनही किल्ला पडल्यावर पोर्तुगिजांना बायकापोरांसह, सन्मानाने, शस्त्रांसह निघून जाऊ दिलं. जे मागे राहिले त्यांना धर्म पाळायची मुभा तहात दिली. आमची घराणी वसईत ख्रिस्ती म्हणून उरली ती त्या तहानंतर, मराठ्यांच्या राज्यात. हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. शाळेत तोफेला मस्तक बांधून आत फेका हे सांगितलं, आणि तिथेच धडा संपला.

घंटांचंही तेच. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी वितळवून तोफा ओतल्या असत्या तरी कुणी काही म्हटलं नसतं. त्यांनी त्या देवळांत बांधल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर आहे, तिच्यावर मरियेची आणि बाळ येशूची आकृती अजून दिसते. कृष्णेच्या काठी शिवालयासमोर ती घंटा टांगणाऱ्या माणसाला ती ‘परकी’ वाटली नसेल. ती मराठ्यांनी जिंकून आणली होती. माझ्या मित्राला मी विचारलं, मेणवलीची घंटा पण उतरवायची का? त्याचं उत्तर आलं नाही. आता मी त्याचं गप्प बसणं माझ्या बाजूने मोजतेय हेही मला कळतं.

किल्ल्याचा दगड आमचा आहे. 1536 पासून ते तट चढले तेव्हा पाथरवट लिस्बनहून गलबतात बसून आले नव्हते. वसईचा दगड इतका नावाजलेला होता की गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागावरचं कोरीवकाम त्यातच झालंय. हुकूम त्यांचा, घाम इथला. घमेलं हा शब्द पोर्तुगीज आहे, आणि ते डोक्यावर घेणारी बाई वसईची. ती कुठल्या धर्माची होती हे मला माहीत नाही आणि मला फरक पडत नाही. तिच्या हातचं काम म्हणजे मलबा?

मी लिस्बनला आले त्या वर्षी पहिल्यांदा कार्मोच्या मठात गेले, ती दुपार मला कधी विसरता येणार नाही. 1755 च्या 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, चर्च भरलेली असताना लिस्बनला भूकंप झाला. मग समुद्र आत आला, मग आग लागली. कार्मोचं छत त्या दिवशी कोसळलं. पुढे बांधायला घेतलं, 1834 मध्ये धर्मसंघच बरखास्त झाले आणि काम थांबलं ते थांबलंच. आज आत शिरलं की दोन्ही बाजूंनी उंच गॉथिक कमानी निघतात, वर एकमेकींना भेटतात आणि त्यांच्यामध्ये नुसतं आकाश. खाली गवत. मी तिकीट हातात धरून उभी होते आणि माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. हे तर आमचं वसईच्या किल्ल्यातलं संत जोसेफ. हेच ते, बिनछताचं, वर घारी फिरणारं, जिथे बाबा मला रविवारच्या मिस्सानंतर सायकलच्या नळीवर बसवून घेऊन यायचे. फक्त इथे भिंतीतून पिंपळ उगवलेला नव्हता, दारूच्या बाटल्या नव्हत्या, आणि कमानीखाली लग्नाआधीच्या फोटोंसाठी घागऱ्याचा घेर पसरून कुणी उभं नव्हतं. मी तिथे रडले. वसईत असताना त्या भिंतींसाठी मी एकदाही रडले नव्हते. तिथे असताना त्या फक्त होत्या.

रोसियुच्या कोपऱ्यावर साव दोमिंगोसचं चर्च आहे. ते 1959 मध्ये आतून जळालं. दुरुस्ती केली, छत घातलं, पण होरपळून तडकलेले खांब तसेच ठेवले. आत गेलं की अजूनही जळकेपणा डोळ्यांना लागतो. बाहेरच्या चौकात 1506 मध्ये जमावाने मारलेल्या ज्यूंचं स्मारक आहे, ते मात्र 2008 मध्ये, पाचशेहून जास्त वर्षांनी उभं राहिलं. चौक ओलांडला की जिथे आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे तिथे धर्मसमीक्षण सभेचा वाडा होता. पोर्तुगालमध्ये ती सभा बसली ते साल 1536. वसईचा पाया घातला तेच साल. ज्या टाचेखाली आमचं गाव आलं तिचा जोडा इथे शिवला गेला, आणि मी त्याच चौकात उभी राहून बिका, म्हणजे इथली कडक कॉफी, पिते, आठवड्यातून दोनदा, पाद्रांवकडे जाणारी बस कुठून सुटते ते लोकांना सांगते.

पाद्रांवबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर मी पुन्हा सोयीचं तेवढंच सांगितलं असं होईल. नदीकाठी जहाजाच्या आकाराचं ते शोधयात्रांचं स्मारक आधी 1940 च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं बांधलं आणि 1960 मध्ये काँक्रीट आणि दगडात कायमचं केलं. नाळेवर राजपुत्र हेन्री, त्याच्या मागे बत्तीस जण: गामा, आल्बुकर्क, संत फ्रान्सिस झेवियर, नकाशे काढणारे, पाद्री, कवी. बाई एकच, तीही हेन्रीची आई. त्या प्रदर्शनासाठी बेलेंमधली जुनी घरं पाडली होती. मागे जेरोनिमोसचा मठ, मसाल्याच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून चढलेला, आत गामाची कबर. या साऱ्या परिसरात, ज्यांना साखळीने बांधून याच नदीत उतरवलं त्यांच्याबद्दल एक ओळ शोधायला फार फिरावं लागतं. गुलामांच्या स्मारकाला नागरिकांनी 2017 मध्ये मतं देऊन मंजुरी दिली आणि ते वर्षानुवर्षं रखडलं. म्हणजे लिस्बन सगळं जपतं हे खरं, पण सगळं सांगत नाही.

मीही सांगत नाही. काउंटरवर मी ‘शोधांचा काळ’ हेच शब्द वापरते, हसून वापरते. वास्को द गामाने भारताचा शोध लावला असं आम्हाला शाळेतही शिकवलं होतं, तेच वाक्य आता मी इंग्रजीत आणि पोर्तुगिजमध्ये म्हणते. पाहुणा खूश होतो. पगार त्याचाच मिळतो. हे ग्रुपवर लिहायचं धाडस मला झालं नाही.

आमच्या इमारतीत माझं आडनाव आणखी तीन दारांवर आहे. खालच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्या वर्षी मला विचारलं होतं, नवरा पोर्तुगीज का? मी म्हटलं, नाही, आमचं घराण्याचंच आडनाव आहे, तुमच्याकडूनच आलेलं. ‘आमच्याकडून?’ त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. गोवा त्यांनी ऐकलं होतं. बासाइं, म्हणजे आमची वसई, म्हणून एक शहर होतं, त्यात त्यांच्या राजाचं दोनशेहून जास्त वर्षं राज्य होतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी ओशाळून मला भाताची खीर आणून दिली, वर दालचिनीने अक्षर काढून. चांगल्या बाई आहेत. पण त्या दिवशी मला कळलं, की ज्या चर्चवरून माझ्या गावात मला पोर्तुगीज म्हणतात, त्या चर्चची पोर्तुगालला आठवणसुद्धा नाही.

म्हणून ग्रुपवर माझा चुलतभाऊ जेव्हा माझी बाजू घ्यायला धावला आणि म्हणाला, ‘ती आपल्या पूर्वजांची चर्च आहेत, हात लावून तर बघा,’ तेव्हा मी त्यालाही उलट बोलले. त्याला वाईट वाटलं. पण खरं तेच आहे. तटाच्या आत राहायचे ते फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज सरदार, त्यांचे पाद्री, त्यांचा लवाजमा. आमचे पूर्वज बाहेर, वाड्यांत, केळीच्या बागांत, उसाच्या मळ्यांत. आतल्या फरशीवर ज्या कबरी आहेत त्यांवर आमच्या आजोबा-पणजोबांची नावं नाहीत. किल्ला आमचा आहे तो ख्रिस्ती म्हणून नाही, वसईकर म्हणून. जितका माझा तितकाच नागेश्वराच्या देवळात दिवा लावणाऱ्याचा, आणि त्या तटामधून जाणाऱ्या रस्त्याने रोज मासळी घेऊन निघणाऱ्या किल्लाबंदरच्या कोळणीचा तर सगळ्यांच्या आधी.

‘तिकडेच राहा’ असं मला एकाने त्या रात्री लिहिलं. इथे मला ‘परत जा’ म्हणणारे वाढलेत. आधी नव्हते, किंवा मोठ्याने म्हणत नव्हते. 2024 च्या डिसेंबरात मार्तिं मोनीझजवळच्या बेनफोर्मोझो रस्त्यावर पोलिसांनी दक्षिण आशियाई माणसांना रांगेने भिंतीला तोंड करून, हात वर करायला लावून उभं केलं. त्याचा फोटो देशभर फिरला. मी मेथी आणि कढीपत्ता घेते ती दुकानं त्याच रस्त्यावर आहेत. मी त्या दिवशी तिथे नव्हते, पण त्या फोटोतली पाठमोरी माणसं मी कितीतरी वेळ बघत राहिले, कुणी ओळखीचं आहे का म्हणून. माझं आडनाव इथल्या दारावर चालतं, माझा चेहरा त्या भिंतीपाशी चालतो. एका देशात आडनावामुळे बाहेरची आणि दुसऱ्यात चेहऱ्यामुळे. आणि तरी दोन्हीकडे ‘आपलं’ म्हणताना माझी जीभ थांबत नाही, याचं मलाच नवल वाटतं.

पैशाचं एक सांगायचं राहिलं. लिस्बनमध्ये राहायला येणाऱ्या मोठ्या पाहुण्यांकडून मी दर रात्री माणशी 4 युरो पर्यटन कर घेते. 2024 च्या सप्टेंबरपर्यंत 2 होता. इथे राहणाऱ्याला सरकारी स्मारकं-संग्रहालयं वर्षातून 52 दिवस फुकट बघता येतात. बाहेरचा तिकीट काढतो. मला ते 52 दिवस मिळतात. मी परकी असूनही मिळतात, फक्त इथला पत्ता लागतो. वसईचा किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक आहे आणि तिथे कुणालाच काही द्यावं लागत नाही, कुणालाच काही वाटतही नाही. हे मी लिहिलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, ‘मग तुमच्या आल्फामात राहतंय कोण ते पण सांग.’ तिने कुठेतरी वाचलं होतं. खरंच आहे. आल्फामात दर दुसऱ्या दारावर ‘ए एल’ची, म्हणजे पर्यटकांना भाड्याने देण्याच्या घराची, पाटी आहे, म्हातारी माणसं निघून गेलीत, रस्त्यावर चाकांच्या बॅगांचा खडखडाट. मी स्वतः ग्रासात राहत होते. घरमालकाने भाडेकरार वाढवला नाही, घर पर्यटकांना द्यायला घेतलं. आता मी नदीपलीकडे आल्मादात आहे. सकाळी कासिल्यासहून फेरी पकडते, आणि पाण्यावरून सगळं शहर एका नजरेत येतं: किल्ला, सेचे दोन मनोरे, कार्मोच्या उघड्या कमानी, तेरैरु दु पासुचा पिवळा चौक. मसाल्याची गलबतं जिथे नांगर टाकत होती त्या पाण्यात मी डबा मांडीवर घेऊन बसलेली असते. इतकं सुंदर दिसतं की राग येतो.

गेल्या जानेवारीत मी पंधरा दिवस वसईला गेले. भाऊ कामावर, मला भाईंदरहून रो-रोने यायचं होतं, जेट्टीवर घ्यायला कोण येणार? ग्रुपवर विचारलं आणि तोच आला, ‘मलबा’वाला. स्कूटर घेऊन. त्याच्यावर रागावून इतकी पानं लिहिली पण त्याच्याशी न बोलायचं मला कधी सुचलं नाही, आणि त्यालाही नाही. जेट्टी किल्ल्याला लागूनच. तो म्हणाला, चल, आलीच आहेस तर एक चक्कर मारू.

आता जे सांगते ते मी ग्रुपवर सांगितलेलं नाही. दहावीच्या निरोप समारंभानंतर आम्ही सात-आठ जण किल्ल्यात गेलो होतो आणि डॉमिनिकन चर्चच्या आतल्या भिंतीवर मी माझं नाव कोरलं होतं. खोल, चांगलं अर्धा तास लावून, कंपासपेटीतल्या कर्कटकाने. कर्कटक त्याचं होतं. परदेशात बसून मी ज्यांच्या नावाने बोटं मोडते, भिंतीवर नावं लिहिणाऱ्या त्या अडाण्यांत मी पहिली आहे. मला ती जागा बघायची होती. काय करायचं होतं माहीत नाही. हात फिरवायचा होता बहुतेक.

जागा सापडली, नाव नाही. दुरुस्तीत त्या भागावर चुन्याचा नवा गिलावा चढला होता, गुळगुळीत, अजून पांढरा. आणि त्या नव्या गिलाव्यावर कुणी दोघांनी आपली नावं कोरली होती, मध्ये बदाम, खाली 2024. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने खिशातून स्कूटरची किल्ली काढली, तिच्या बोथट बाजूने ती अक्षरं घासून बघितली, मग म्हणाला, ‘नको, आणखी खरवडेल.’ किल्ली पुन्हा खिशात ठेवली. खाली पडलेल्या दोन बाटल्या त्याने उचलल्या, एक मी उचलली.

बाहेर पडताना तो म्हणाला, ‘माझं मत बदललेलं नाही हां.’ मी म्हटलं, माझंही नाही. तटाबाहेर कचऱ्याचा डबा नव्हता, म्हणून बाटल्या डिकीत टाकल्या. मग पापडीला थांबून त्याने मला अर्धा किलो सुकेळी घेऊन दिली. म्हणाला, तिकडे मिळत नसतील.